दाखल होतानाच सांगायला हवं

मंडळी, घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की काय बोलणं होतं? खर्च किती, मेडिक्लेम मिळेल का, रक्त लागलं तर कोण देणार. डॉक्टर भुलीचा धोका सांगतात, हृदयाचा सांगतात. पण रुग्णालयातच नवा जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे बहुतेकांना तो झाल्यावर कळतं. तेव्हाही कानावर एवढंच येतं, "पेशंटला इन्फेक्शन झालंय." कुठलं, कशामुळे, कुणी सांगत नाही.

हा धोका दाखल होतानाच, रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे. एवढं एकच म्हणणं घेऊन मी आज तुमच्यापुढे उभी आहे.

दाखल होताना नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसू लागलेला जंतुसंसर्ग रुग्णालयातला धरतात. ऑपरेशनची जखम घरी गेल्यावरही चिघळू शकते, म्हणून तिच्यावर निदान ३० दिवस लक्ष ठेवायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली आकडे मांडले. श्रीमंत देशांत दाखल झालेल्या शंभरांतल्या सात जणांना असा संसर्ग होतो, आपल्यासारख्या देशांत पंधरा जणांना. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण दहात एक दगावतो.

यातला मोठा वाटा शरीरात घातलेल्या नळ्यांचा असतो. लघवीची नळीच घ्या. ती जितके दिवस राहील तितका धोका वाढत जातो. त्यामुळे "डॉक्टर, नळी आज काढता येईल का?" हा प्रश्न रोज विचारण्यासारखा आहे, आणि तो विचारायला शिक्षण लागत नाही. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. एक्स-रेला नेताना रुग्णाला ट्रॉलीवर घेतात आणि पिशवी सरळ त्याच्या पोटावर ठेवतात. पिशवीतली लघवी उलटी आत जाऊ शकते. बरोबर चालणाऱ्या मुलाला हे आधी सांगितलं असेल तर तो पिशवी खाली धरेल. सांगितलं नसेल तर त्याला कसं कळावं? तसंच रेझरचं. ऑपरेशनच्या जागेचे केस आदल्या रात्री घरी ब्लेडने काढणारे कितीतरी लोक आहेत. त्वचेवर बारीक जखमा होतात, त्यांत जंतू वाढतात. केस काढावेच लागले तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या छोट्या यंत्राने, कापायचे असतात. हे माहीत असलेला माणूस घरी ब्लेडला हात लावणार नाही.

आता हात धुण्याबद्दल. व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आज खाटेशी सॅनिटायझर असतो, २० ते ३० सेकंद पुरतात. तरी "सिस्टर, हात स्वच्छ केलेत ना?" असं विचारायला आपल्या माणसाची जीभ रेटत नाही. कोकणातून, खानदेशातून परळला आलेला माणूस तर मुळीच विचारणार नाही. सिस्टर रागावल्या तर आपल्या रुग्णाकडे कोण बघेल, ही त्याची धास्ती. हा संकोच रुग्णालयानेच काढायला हवा. पहिल्या दिवशी सिस्टरनेच म्हणावं, "मावशी, आम्ही विसरलो तर आठवण करा, राग नाही येणार." सिस्टरांवरचा भार मी जाणते. वॉर्ड भरून जमिनीवरही गाद्या टाकलेल्या असतात, तेव्हा दोन रुग्णांमधलं अंतरही उरत नाही. अशा वेळी नातेवाइकाचे दोन डोळे जास्तच हवेत. तुमच्याकडूनही एक हवं: गर्दीच्या लोकलमधून उतरून थेट खाटेवर बसू नका, आधी हात धुवा, आणि ताप-खोकला असेल तर येऊच नका.

"सांगितलं तर पेशंट घाबरेल," असं माझे काही सहकारी म्हणतात. शिवाय भीती असते की उद्या संसर्ग झाला तर नातेवाईक अंगावर येतील. मला उलट वाटतं. प्रत्येक संसर्ग हलगर्जीपणाने होत नाही. कितीदा जंतू रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरचे, आतड्यातले असतात. हे आधी बोललं गेलं असेल तर नंतर विश्वास टिकतो. लपवलं गेलं असं वाटलं की माणूस बिथरतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संमती घेताना पुरेशी माहिती द्यायलाच हवी, मात्र अगदी दुर्मीळ धोके सांगायची सक्ती नाही. शंभरात पंधरा याला दुर्मीळ कोण म्हणेल? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही संभाव्य गुंतागुंतीची माहिती रुग्णाच्या भाषेत मिळण्याचा हक्क आहे.

म्हणून मागणं साधं आहे. संमतीपत्राबरोबर मराठीत, हिंदीत एक पान द्या: कुठल्या नळ्या लागतील, त्या कधी निघतील, जखम लाल झाली, पू आला, ताप चढला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवा. आणि हे आदल्या दिवशी, रुग्ण खाटेवर शांत बसलेला असताना करा. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी, ट्रॉलीवर झोपवून सही घेताना नव्हे.