‘बरंय’

श्रोतेहो, नमस्कार.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्या पहाटे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, “यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?” आई म्हणाली, “साडेपाचला उठवायला गेले, तर तोंड वाकडं.” “ते नको, त्याच्या आधीचं सांगा.” गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि घड्याळ धरतात ते माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून. झोपेत काही झालं असेल, तर रात्री अंथरुणाला पाठ टेकली तिथपासून. नशीब, आईला आठवलं. साडेतीनला ते उठले होते आणि “दिवा घालव गं” असं स्पष्ट म्हणाले होते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहिलं आणि इंजेक्शन दिलं. रक्तस्राव असता तर तेच औषध जिवावर बेतलं असतं.

दादा पाण्याचा पेला घेऊन आला, तो सिस्टरांनी हातातून काढूनच घेतला. गिळता येतंय का, हे तपासल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही. पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया. तेव्हा आम्हाला राग आला होता.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा हातात जाडजूड फाइल आली. उठवायचं कसं, हे मात्र कुणी दाखवलं नाही. आम्ही आपले लुळ्या हाताला धरून ओढायचो. महिनाभराने फिजिओथेरपिस्टनी बाबांचा खांदा चाचपला आणि आमच्याकडे नुसतं पाहिलं.

पण मला सांगायचंय ते फॉलोअपचं. ओपीडीत दोन तास बसायचं, आत दहा मिनिटं. “काय काका, कसं काय?” बाबा हसून म्हणायचे, “बरंय.” डॉक्टर खूश, आम्हीही खूश. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणून उजवं अंग गेलं आणि वाचाही. मात्र जिभेवर रुळलेले शब्द अशा वेळी कधीकधी शाबूत राहतात. बाबांचा ‘बरंय’ त्यातलाच. भूक लागली तरी बरंय, खांदा ठणकला तरी बरंय.

तिसऱ्या खेपेला आईने पिशवीतून वही काढली. रोजचं बीपी, चुकलेली गोळी, आणि मध्येमध्ये तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, “आज परत रडले.” डॉक्टर तिथेच थांबले. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं, म्हणाले, आणि त्यावर औषध आहे. आम्ही त्याला म्हातारपणाचा हळवेपणा समजत होतो!

मग त्यांनी खुर्ची बाबांपुढे ओढली. कसं काय, असं विचारलंच नाही. “काका, रात्री झोप लागते?”

बाबांनी आईकडे पाहिलं, आणि नकारार्थी मान हलवली.