आजीचा काळवंडलेला फोटो

(स्क्रीनवर: खिडकीपाशी खुर्चीत बसलेली आजी, मागे पांढरंफटक आकाश, चेहरा जवळजवळ काळा.)

हा फोटो मीच काढलाय, त्यामुळे शिव्या घालायच्या तर मलाच घाला. आजी हसतेय की नाही तेसुद्धा कळत नाहीये. झालं असं की कॅमेऱ्यातल्या साध्या मीटरला आजी कुठली आणि खिडकी कुठली ते ठाऊक नसतं, तो आपला फ्रेममधला उजेड मोजून सगळं मधल्या करड्या टोनवर आणायला बघतो, आणि अर्ध्या फ्रेममधे आकाश असलं की एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी करून मोकळा होतो. खिडकी वाचली, आजी अंधारात.

आता अशा वेळी आपण सगळे काय करतो, तर ब्राइटनेसचा स्लायडर धरतो आणि उजवीकडे ओढतो.

(स्क्रीनवर: फोटो धुक्यात बुडाल्यासारखा फिकट होतो.)

बघा, गेलं सगळं. साधा ब्राइटनेस म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधे सरसकट एकच आकडा मिळवणं. 60 मिळवले तर जो काळा 0 होता तो 60 झाला, म्हणजे काळा राहिलाच नाही, आणि 200 चे 260 व्हायला हवेत पण जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, 255 च्या, म्हणजे शुद्ध पांढऱ्याच्या, वर जातच नाही, म्हणून तिथलं डिटेल कायमचं गेलं. फोटोशॉपवाल्यांनी 2007 च्या सीएस3 मधे हा स्लायडर सुधारला, जुना हवा असेल तर 'यूज लेगसी'वर टिक करावी लागते. का करावी म्हणा.

(स्क्रीनवर: हिस्टोग्राम. डावीकडे एक डोंगर, उजव्या टोकाला दुसरा.)

त्यापेक्षा आधी हिस्टोग्राम उघडा, म्हणजे गडद ते उजळ कुठल्या टोनचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख. डावीकडचा डोंगर म्हणजे खोली आणि आजी, उजवीकडचा म्हणजे खिडकी, मधे मोकळं रान. काळा आणि पांढरा दोन्ही जागेवर आहेत, म्हणजे टोकांना हात लावायचाच नाही, उचलायचंय ते मधलं. लेव्हल्समधे काळा, मधला, पांढरा अशा तीन खुंट्या असतात, त्यातली मधली 1 वरून 1.4 वर नेली की 60 चा साधारण 91 होतो, 200 चा 214, आणि 0 नि 255 जागचे हलत नाहीत. कर्व्हजमधे, म्हणजे टोनच्या वाकवता येणाऱ्या रेषेवर, हेच जास्त बारकाईने जमतं, गडद भागात एक ठिपका ठेवून वर उचला, पण त्याच्या खाली अजून एक ठिपका रोवा म्हणजे काळा काळाच राहील, आणि वरही एखादा, नाहीतर आकाश अजून पांढरं होईल.

एवढं केल्यावर चेहरा दिसायला लागतो, पण राख फासल्यासारखा. हे का होतं ते कुणी फारसं सांगत नाही. त्वचेचा रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्यातलं प्रमाण, आणि मधली खुंटी सरकवली की लहान आकडा मोठ्या आकड्यापेक्षा जास्त पटीने वाढतो. लाल निळ्याच्या दुप्पट होता तो साधारण 1.6 पटीवर येतो, म्हणून रंग उडाल्यासारखा वाटतो. थोडं व्हायब्रन्स, म्हणजे फिक्या रंगांचा गडदपणा, वाढवायचं, थोडंच. त्यात सावलीतला चेहरा आकाशाच्या उजेडाने निळसर पडलेला असतो, अंधारात तो निळेपणा झाकलेला होता, उजळला की वर येतो, मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा निळा-पिवळा तोल, किंचित उबदार करा, पण फक्त चेहऱ्यापुरता, मास्क लावून, म्हणजे बाकीचा फोटो झाकून.

(स्क्रीनवर: गालाचा क्लोजअप, लाल-हिरवे ठिपके.)

आणि हे ठिपके, म्हणजे नॉइज. हे सॉफ्टवेअरने आणलेले नाहीत, ते आधीपासून तिथेच होते. उजेड कणाकणाने येतो आणि ते येणं कमीजास्त होत असतं, सेन्सरच्या एका ठिपक्यावर 10000 फोटॉन पडले तर चढउतार साधारण 100 चा, म्हणजे 1 टक्का, पण 100 च पडले तर 10 चा, म्हणजे 10 टक्के. अंधार उजळला की हा चढउतारही तेवढाच मोठा होतो. रॉमधे, म्हणजे सेन्सरवरचा कच्चा डेटा ठेवणाऱ्या फाइलमधे, शूट केलं असेल तर 14 बिटला प्रत्येक चॅनलला 16384 पायऱ्या मिळतात, जेपेगला 256, म्हणून रॉ जास्त ताण सोसते, जेपेग उचलली की गडद भागात चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. फोटॉनच पडले नसतील तर रॉ तरी काय करणार.

गडद भाग उचलणारा शॅडोजचा स्लायडर शंभरवर नेणाऱ्यांना एक सांगतो, डोक्याभोवती ते जे उजळ कडं येतं ना, तेजोवलय, ते देवादिकांच्या कॅलेंडरवर ठीक आहे.

(स्क्रीनवर: मऊ ब्रश मास्कवर फिरतोय.)

ही उजळायची खटपट काही कॉम्प्युटरने आणलेली नाही. 1941 साली अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला, ऐन वेळी लाइट मीटर सापडेना म्हणून चंद्राच्या उजेडाचा आकडा आठवून एक्सपोजर ठरवलं, आणि खालचं गाव निगेटिव्हवर कच्चंच राहिलं. 1948 मधे त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर केमिकल वापरून तो भाग ठळक केला, आणि प्रिंट काढतानाही कुठे उजेड अडवायचा, कुठे जास्त द्यायचा हे हाताने करत राहिला. आपला ब्रश तेच करतो.

आजीचं बघा, उजेड खिडकीकडून येतोय, तर त्या बाजूचा गाल जास्त उचलला, पलीकडचा कमी, आणि खुर्चीखालचा अंधार तसाच सोडला, तिथे बघण्यासारखं काही नाही. मग स्क्रीनचा ब्राइटनेस मधे आणून, चहा पिऊन परत येऊन बघितलं, कारण तासभर एकच फोटो बघून डोळे कशालाही हो म्हणतात.

(स्क्रीनवर: तयार फोटो, हळूहळू चेहऱ्यावर झूम.)

हसत नव्हतीच ती. डुलकी लागली होती.