कंबर दुखते म्हणून आले

मुलाबरोबर वडील तपासायला आले ते कंबर दुखते म्हणून. लघवीला रात्री चार वेळा उठावं लागतं, हे मध्येच, सहज सांगितलं, वयोमानानं व्हायचंच! आणि बहुतेकदा ते खरंही असतं. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्यामधूनच जाते, आणि वयाबरोबर ग्रंथी वाढली की त्रास सुरू होतो. त्याचा प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध असेलच असं नाही. कॅन्सर तर सुरुवातीला अवाक्षर काढत नाही. तो बोलतो हाडांत पोचल्यावर, कधी कंबरदुखी होऊन.

आशियात हा कॅन्सर युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आढळतो. पण जपान सोडून अमेरिकेत स्थायिक झालेल्यांत त्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. माणसं तीच, मुलूख बदललेला. खाणं बदललं, वजन वाढलं, हे असेल. पण तिथे तपासण्याही जास्त होतात. शोधलं की सापडतं. आता खुद्द जपानमध्येच पुरुषांत सर्वाधिक निदान होणाऱ्या कॅन्सरांत तो अगदी वर आहे.

आशियाई रुग्णांच्या गाठीही थोड्या वेगळ्या निघाल्या. 2020 मध्ये चीनमधल्या 208 रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फॉक्सए1 या जनुकातला बदल त्यांतल्या 41 टक्क्यांत होता. पाश्चात्त्य रुग्णांत तो बराच कमी असतो. औषधांच्या मोठ्या चाचण्यांत मात्र आशियाई पुरुष थोडेच.

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन. रक्तातलं पीएसए वाढलं, म्हणजे कॅन्सरच असं नव्हे. जंतुसंसर्गानंही ते वाढतं. मग एमआरआय, बायोप्सी म्हणजे ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणं. लवकर सापडलेली, संथ वाढणारी गाठ कित्येकदा नुसती नजरेखाली ठेवतात. ब्रिटनमधल्या एका चाचणीत ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, काहीही वाट्याला आलं तरी 15 वर्षांत या कॅन्सरनं दगावलेले साधारण 3 टक्केच.

हाडांत पोचलेला कॅन्सर कंबरदुखीत घेऊन आलेल्यांना ही सवड नसते. या कॅन्सरला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पोसतं, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्येच दाखवलं. पुढे 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते हार्मोन दाबायला ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, वर्षानुवर्षं. नाहीतर दोन्ही वृषणं काढायची. हे एकदाच, आणि स्वस्तात. डॉक्टर दोन्ही पर्याय समोर ठेवतात. मुलगा खर्चाचं विचारतो. वडील खिडकीबाहेर बघत राहतात.