साहेबाचा शेला: डावा खांदा की उजवा?

आवाज पोचतोय ना मागे? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'लष्करी अधिकाऱ्यांची सॅश कशी बदलत गेली', तिथे येतोच, पण आधी एक तक्रार.

मध्यंतरी १८५७ वरचं एक नाटक बघितलं, नाव सांगत नाही. इंग्रज कर्नल येतो, लाल कोट, तलवार, खणखणीत आवाज, आणि किरमिजी सॅश, म्हणजे गणवेशावर बांधायचा शेल्यासारखा पट्टा, उजव्या खांद्यावरून! मी बायकोला म्हटलं अगं हा कर्नल नाही, सार्जंट आहे. ती म्हणाली गप्प बसा. आता काय झालेलं, १८५५ ला ब्रिटिश पायदळात नवा ट्यूनिक, म्हणजे नव्या पद्धतीचा कोट आला, तेव्हा कमरेची सॅश खांद्यावर चढली, ऑफिसरची डाव्या आणि सार्जंटची उजव्या. म्हणजे आमचे कर्नलसाहेब एन्ट्रीलाच डिमोट! इंटरव्हलला विंगेत जाऊन सांगितलं तर दिग्दर्शक म्हणतात, "काका, प्रेक्षकांना कुठे कळतंय?" अहो, प्रेक्षकांना नसेल कळत, पण खांदा बघून सलाम ठोकायचा की नाही हे ठरवणाऱ्या शिपायाला कळायचं ना! (हसू नका, मी त्या रात्री जेवलो नाही.)

तर माझं म्हणणं एवढंच आहे की सॅश हा दागिना नव्हता, ते ओळखपत्र होतं. पण सॅश म्हटलं की लोक एकच गोष्ट सांगतात, जखमी ऑफिसरला उचलून न्यायला ती असायची म्हणून. ही गोष्ट येते कुठून, तर ब्रिटिशांचा जनरल ब्रॅडॉक. ९ जुलै १७५५, अमेरिकेतली मोनोंगाहेला नदी, आजच्या पिट्सबर्गजवळ. फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे तिथले मूळ रहिवासी झाडांआडून गोळ्या घालतायत आणि हे लाल कोटवाले रस्त्यात दाटीवाटीने उभे. ब्रॅडॉकच्या मांडीखाली एकामागून एक घोडे मेले, शेवटी त्यालाही गोळी लागली, आणि म्हणतात की त्याला त्याच्याच सॅशची झोळी करून बाहेर काढलं. चार दिवसांनी गेला बिचारा. शत्रूला सापडू नये म्हणून रस्त्यातच पुरला आणि वरून सैन्याच्या गाड्या नेल्या. प्रार्थना कुणी म्हटली? २३ वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन! सॅश त्याच्याकडे आली असं सांगतात, ती आजही माउंट व्हर्नन या त्याच्या घरी जपलीय, त्यात १७०९ हे साल विणलेलं आहे.

झोळी होऊ शकते हे खरंच आहे. या सॅश मागावरच्या नव्हत्या, रेशमाचे ताणे दोन्ही टोकांना बांधून एकमेकांत पीळ देत जायचे, स्प्रँग म्हणतात त्याला. कमरेला गुंडाळली की दोरखंडासारखी, आडवी ताणली की जाळीसारखी हे एवढी रुंद. पण म्हणून ती त्यासाठीच होती का? धोतरात आंबे बांधून आणता येतात, म्हणून धोतर काय आंब्यांसाठी विणतात का?

काय? दहा मिनिटं? अहो, आत्ता तर सुरुवात... बरं बरं.

मग पटापट. युरोपात आधी युनिफॉर्मच नव्हता. तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८, धुरात आपला कोण, परका कोण हे पट्ट्याच्या रंगावरून कळायचं, पवित्र रोमन सम्राटाचे लाल, डच नारिंगी, फ्रेंच पांढरे. १६४२ ला इंग्लंडात यादवी सुरू झाली तेव्हा पार्लमेंटच्या सेनापतीची, अर्ल ऑफ एसेक्सची माणसं नारिंगी आणि राजाची लाल. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' हे चित्र त्याच सालचं, त्यातल्या काळ्या कपड्यातल्या कॅप्टनच्या अंगावरचा लाल पट्टा आज घरी जाऊन बघा. पुढे कोटच एका रंगाचे झाले, मग पट्ट्याला काम काय उरलं? हुद्दा दाखवायचं! ऑफिसरला रेशीम, सार्जंटला लोकर. पायदळाची गाठ डाव्या बाजूला, घोडदळाची उजव्या. हायलँडवाले स्कॉटिश ऑफिसर तर बाकीचे कमरेला बांधत होते तेव्हाही खांद्यावरूनच घ्यायचे. १९०२ ला पायदळाच्या ऑफिसरांची परत कमरेवर आली, सार्जंटची राहिली खांद्यावर.

आणि रंग लाल का, तर रक्त दिसू नये म्हणून, हे कृपया कुणाला सांगू नका. किरमिज नावाच्या किड्यापासून हा महागडा रंग निघायचा, आपलं किरमिजी आणि त्यांचं क्रिमसन दोन्ही त्या एकाच किड्याची पोरं. कमरबंदाचंही तसंच, इथल्या साहेबांनी तो मेस ड्रेसमध्ये, म्हणजे रात्रीच्या औपचारिक जेवणाच्या लष्करी पोशाखात घातला आणि कमरबंड करून विलायतेला नेला, आता आपलीच पोरं रिसेप्शनला टक्सिडोवर हजार रुपये भाड्याने घालतात. तो वेगळा विषय, वेगळं व्याख्यान, बोलवा.

हो हो, दिसली चिठ्ठी. एकच सांगतो. सॉमरसेट लाइट इन्फंट्री, ब्रिटिश पायदळाची १३वी पलटण. त्यांच्या सार्जंटना ऑफिसरसारखी डाव्या खांद्यावरून सॅश घ्यायचा मान होता. आख्यायिका अशी की १७४६ ला स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत ऑफिसर पडले आणि सार्जंटनी पलटण सांभाळली. म्हणजे सार्जंटला डावा खांदा मिळवायला अख्खी लढाई लागली, आणि आमच्या नाटकवाल्यांनी कर्नलचा तो एका सेफ्टी पिनेत काढून घेतला.