गिऱ्हाईक थांबलंय की शेजारच्या दुकानात गेलंय?

नमस्कार श्रोतेहो.

नौपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. 2 ऑगस्ट 2024 ला कम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेलचा शेअर अमेरिकेत एका दिवसात 26 टक्क्यांनी गडगडला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, काका पेपर घेऊनच खाली आले. म्हणाले, “आपल्या घरातल्या पहिल्या कम्प्युटरवर यांचंच स्टिकर होतं रे. एवढी जुनी कंपनी स्वस्तात मिळतेय. घेऊ का थोडे?”

मी लगेच हो म्हटलं नाही. का, ते आज तुम्हाला सांगतो.

चिपची मागणी घटली अशी बातमी येते, तेव्हा आधी विचारायचं: गिऱ्हाईक थांबलंय, की शेजारच्या दुकानात गेलंय?

थांबलेलं गिऱ्हाईक मी गोखले रोडवर पाहिलंय. कोरोनाच्या काळात ओळखीच्या दुकानात लॅपटॉपसाठी नाव लिहून ठेवावं लागायचं. 2022 च्या दिवाळीत त्याच दुकानात खोकी छताला टेकली होती. दुकानदार म्हणाले, “मुलांची ऑनलाइन शाळा संपली. आता चार वर्षं कोण नवा घेतोय?” माल हलेना म्हणून त्यांनी ऑर्डर थांबवली, त्यांच्या डिस्ट्रिब्युटरने थांबवली, मग लॅपटॉप कंपनीने. दुकानात थोडी घटलेली विक्री चिप बनवणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर केवढी तरी मोठी होते. पण गोदामं रिकामी झाली की ही मागणी परत येते. अशा पडझडीत धीर धरणाऱ्याचं सहसा नुकसान होत नाही.

इंटेलचं दुखणं मात्र एवढ्यावर थांबलं नव्हतं. 2020 मध्ये ॲपलने आपल्या मॅक कम्प्युटरमध्ये इंटेलऐवजी स्वतःच्या चिप वापरायचं जाहीर केलं. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी आपल्या चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेत पुढे सरकली. 2024 च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत डेटा सेंटरच्या धंद्यात एएमडीची विक्री साडेतीन अब्ज डॉलर, इंटेलची 3.3 अब्ज. ठाणे-बेलापूर रस्त्याने महापेकडे जाताना खिडक्या नसलेल्या त्या लांबलचक इमारती दिसतात ना, तीच डेटा सेंटरं. तिथल्या सर्व्हरमध्ये, म्हणजे सतत चालणाऱ्या मोठ्या कम्प्युटरमध्ये, कोणाची चिप बसते, यावर निकाल ठरतो. आणि एआयसाठीचा मोठा पैसा तर एआयच्या चिप विकणाऱ्या एनव्हीडियाकडे निघाला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये डाऊ जोन्स या अमेरिकेतल्या तीस बड्या कंपन्यांच्या निर्देशांकातली इंटेलची जागाही तिनेच घेतली.

पण बाजाराचा अंदाज दोन्हीकडे चुकतो. डीपसीक या चिनी एआयला कमी चिप पुरतात अशी हवा झाली आणि 27 जानेवारी 2025 ला एनव्हीडियाचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे 589 अब्ज डॉलरने घटलं. मागणी काही आटली नाही. उलट इंटेल संपली म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षी अमेरिकन सरकारला तिच्यात सुमारे दहा टक्के हिस्सा घेताना पाहिलं, आणि एनव्हीडियाने पाच अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. इंटेलचा शेअर पुन्हा वर आला.

म्हणून मी काकांना भाव बघायला लावला नाही. त्यांनी दोनशे पानी वही आणली, रेघा मारून रकाने पाडले: पीसीची विक्री, डेटा सेंटरची विक्री, गोदामातला साठा. शेजारच्या पानावर एएमडीचे तेच आकडे. दर तिमाहीचा निकाल लागला की चष्मा लावून स्वतः भरतात, आणि मग वही घेऊन खाली येतात.