लंडनमध्ये घडलेला आयरिश गायक

नमस्कार श्रोतेहो.

आज शेन मॅगोवन या गायकाबद्दल बोलू या. 'द पोग्ज' या बँडचा हा गायक आणि गीतकार. जन्म 25 डिसेंबर 1957, ऐन नाताळातला. जन्मगाव पेम्बरी, इंग्लंडच्या केंट परगण्यातलं. आई टिपररीची, वडील डब्लिनचे, म्हणजे दोघंही आयरिश. 30 नोव्हेंबर 2023 ला तो गेला, तेव्हा डब्लिनच्या रस्त्यांवर अंत्ययात्रेला दुतर्फा गर्दी झाली, आणि टिपररीतल्या नीना गावच्या चर्चमध्ये आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष स्वतः हजर होते.

जन्म इंग्लंडचा, शाळा इंग्लंडची, बँड लंडनचा, आणि निरोप मात्र आयर्लंडने दिला, घरच्या माणसाला द्यावा तसा. हे कसं घडलं, ते आज सांगायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. मॅगोवनचं आयरिशपण बोटीत बसून आयर्लंडहून आलेलं नव्हतं. ते लंडनमध्ये घडलं. पुन्हा सांगतो, लंडनमध्ये घडलं. लहानपणी टिपररीतल्या आजोळच्या शेतघरात त्याने गाणी ऐकली, हे खरंच. पण त्या गाण्यांचं पुढे जे झालं, ते किंग्ज क्रॉस स्टेशनच्या आसपासच्या गल्ल्यांत.

आता बँडमधली माणसं बघा. 1982 साली पोग्ज उभे राहिले. टिन व्हिसल वाजवणारा स्पायडर स्टेसी ईस्टबोर्नचा, बँजोवाला जेम फायनर स्टोक-ऑन-ट्रेंटचा, अ‍ॅकॉर्डियनवाला जेम्स फर्नली लँकेशायरकडचा, ड्रमवाला अँड्र्यू रँकन लंडनचा. चौघंही इंग्रज. फिलिप शेव्रॉन आणि टेरी वुड्स हे डब्लिनचे दोघं नंतर आले. साऱ्या जगाने आयरिश म्हणून डोक्यावर घेतलेला बँड, आणि सुरुवातीला त्यात अर्ध्याहून जास्त इंग्रज!

टिन व्हिसलचा विषय निघालाच आहे, तर आपल्या बासरीवाल्या श्रोत्यांसाठी थोडं. वाद्य स्वस्त, सहा भोकांचं, तोंडाशी शिट्टी असल्यामुळे फुंक बसवायची कटकट नाही. घ्यायची तर 'डी' स्वराची घ्या, बहुतेक आयरिश धुना तिच्यावर बसतात. आपल्या बासरीवर वरची तीन भोकं बंद केली की सा. व्हिसलवर मात्र सहाही बंद केली की सा. बासरी वाजवणारा पहिल्या दिवशी नेमका इथे अडखळतो. दुसरी चूक जोराच्या फुंकीची. जरा जास्त हवा गेली की स्वर थेट वरच्या सप्तकात उडी मारतो. खालच्या सप्तकाला श्वास सोडावा इतकीच हवा पुरते. महागडी व्हिसल घेण्यात काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. असो.

कागदावर बघितलं तर मॅगोवनचा प्रश्न अगदी सोपा होता. इंग्लंडमध्ये जन्मला म्हणून ब्रिटिश, आणि आईवडील आयर्लंडमध्ये जन्मलेले म्हणून आयर्लंडच्या कायद्याने जन्मापासूनच आयरिश. आईवडिलांपैकी एकाचाही जन्म आयर्लंड बेटावर झालेला असेल, तर थेट पासपोर्टचा अर्ज करायचा, बस. आजी किंवा आजोबा तिथले असतील, तर मात्र आधी परदेशातल्या जन्मांच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. त्यासाठी तीन पिढ्यांचे मूळ जन्मदाखले, लग्नाचे दाखले, आजोबा गेले असतील तर मृत्यूचा दाखला, साक्षीदाराच्या सह्या आणि मोठ्या माणसासाठी 278 युरो. गडबड होते ती तारखेत. नोंद ज्या दिवशी होते, नागरिकत्व त्या दिवसापासून सुरू होतं, मागच्या तारखेने नाही. म्हणून नोंदीच्या आधी झालेल्या मुलाला त्या नोंदीचा उपयोग होत नाही. ब्रेक्झिटच्या 2016 च्या कौलानंतर इंग्लंडमधल्या किती तरी घरांत आजीचा जन्मदाखला शोधायची एकच धांदल उडाली.

फुटबॉलवाल्यांना तर हा आजीचा नियम तोंडपाठ असतो. 1990 च्या विश्वचषकात आयर्लंडचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, त्यातले कितीतरी खेळाडू इंग्लंडमध्ये जन्मलेले. प्रशिक्षक जॅक चार्ल्टन तर स्वतः 1966 चा विश्वचषक इंग्लंडकडून जिंकलेला माणूस! आयर्लंडने त्याला मनापासून आपला मानला, आणि योग्यच केलं.

पण कागद वेगळा आणि रस्ता वेगळा. रस्त्यावर माणूस कुठला, हे त्याच्या उच्चारावरून ठरत होतं. आणि इथे मला जी हकिकत सांगायची आहे, तिच्याकडे येतो. जरा सविस्तर सांगणार आहे.

तारीख 21 नोव्हेंबर 1974, गुरुवारची संध्याकाळ, बर्मिंगहॅम शहर. तिथे बरीच वर्षं राहिलेले, कामधंदा करणारे पाच आयरिश पुरुष न्यू स्ट्रीट स्टेशनवरून 7 वाजून 55 मिनिटांच्या गाडीत बसले. सहावा मित्र त्यांना पोचवायला आला होता. गाडी हेशम बंदराकडे निघालेली, तिथून बोटीने बेलफास्ट. बेलफास्टला एका ओळखीच्या माणसाची अंत्ययात्रा होती. तो माणूस आयआरएचा, म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेचा, स्वतःच लावत असलेला बॉम्ब फुटून कॉव्हेंट्रीत मेलेला. लांबचा प्रवास, वेळ कसा घालवायचा? त्यांनी पत्त्यांचा जोड काढला आणि डाव मांडला. हे पत्ते लक्षात ठेवा, श्रोतेहो. पत्ते लक्षात ठेवा.

गाडी सुटल्यावर साधारण अर्ध्या तासात बर्मिंगहॅममधल्या दोन पबमध्ये स्फोट झाले. 21 माणसं गेली, दीडशेहून जास्त जखमी झाली. रात्री हेशमला बोटीपाशी त्या पाचांना अडवलं, आणि तपासणीसाठी मोरकॅम्बच्या पोलीस ठाण्यात नेलं. सहाव्याला नंतर बर्मिंगहॅममध्ये पकडलं.

तपासणी कशाची? हातांची. हातावरून ईथरचा बोळा फिरवायचा, तो अर्क छोट्या वाट्यांत घ्यायचा, त्यात कॉस्टिक सोडा आणि ग्रीस नावाच्या शास्त्रज्ञाचं रसायन घालायचं. काही सेकंदांत गुलाबी रंग आला, तर हातावर नायट्रोग्लिसरीन, म्हणजे स्फोटकं हाताळलेली, असा निष्कर्ष. दोघांच्या हातांच्या बाबतीत रंग आला. तज्ज्ञाने कोर्टात सांगितलं, 99 टक्के खात्री आहे. दुसरा पुरावा पोलीस कोठडीतल्या कबुलीजबाबांचा. मारहाण करून ते घेतले, असं आरोपी पहिल्यापासून सांगत होते. ऑगस्ट 1975 मध्ये सहाही जणांना जन्मठेप.

आता पत्ते. त्या काळच्या पत्त्यांवर चकाकी यावी म्हणून नायट्रोसेल्युलोजचा थर असायचा. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज, नावंच बघा, दोघांतही तो नायट्रोवाला भाग आहे. कॉस्टिक सोड्याचं प्रमाण जास्त पडलं, तर ग्रीसच्या चाचणीत नायट्रोसेल्युलोजही तोच गुलाबी रंग देतो. चाचणीला स्फोटक आणि पत्ता यांतला फरक कळत नाही! 1985 साली ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या 'वर्ल्ड इन अ‍ॅक्शन' या कार्यक्रमाने शास्त्रज्ञांकडून हे प्रयोग करून घेतले, आणि जुने पत्ते हाताळलेल्या हातांवर रंग उमटला. सबंध देशाने हे टीव्हीवर पाहिलं. तरी 1988 च्या जानेवारीत अपील फेटाळलं गेलं. पुन्हा सांगतो, पत्ते खेळलेल्या हातांवर सोळा वर्षांची कैद उभी राहिली, आणि हे उघड झाल्यावरही ती संपली नाही.

त्याच महिन्यात पोग्जचा तिसरा अल्बम बाजारात आला. त्यात एक जोडगाणं आहे. पहिला भाग टेरी वुड्सचा, संथ, सुन्न करणारा. दुसरा मॅगोवनचा, चढ्या आवाजातला, या सहा जणांवर आणि इंग्लंडमधल्याच गिल्डफर्ड गावातल्या स्फोटांसाठी तशाच आत गेलेल्या चौघांवर. त्या वर्षी 19 ऑक्टोबरला ब्रिटिश गृहमंत्री डग्लस हर्ड यांनी प्रसारणावर निर्बंध जाहीर केले. आयआरए, तिच्याशी जोडलेला शिन फेन पक्ष आणि इतर काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज रेडिओ-टीव्हीवर ऐकवायचा नाही. चेहरा दाखवा, शब्द सांगा, पण आवाज नको. मग वाहिन्यांनी नट बोलावले. पडद्यावर शिन फेनचे नेते जेरी अ‍ॅडम्स यांचे ओठ हलायचे, आवाज नटाचा यायचा.

या निर्बंधांच्या जाळ्यात हे गाणंही सापडलं. खासगी रेडिओ आणि टीव्हीवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने नोव्हेंबरात ते वाजवायला मनाई केली. कारण असं दिलं, की काही शिक्षा झालेले अतिरेकी निर्दोष आहेत आणि ब्रिटिश न्यायालयांत आयरिश लोकांवर अन्याय होतो, असा या गाण्याचा दावा आहे. म्हणजे गाण्यात जो दावा होता, तोच बंदीचं कारण ठरला.

आणि दावा खरा निघाला. 19 ऑक्टोबर 1989, निर्बंध जाहीर झाल्याला बरोबर एक वर्ष, गिल्डफर्डच्या चौघांची शिक्षा रद्द झाली. बर्मिंगहॅमच्या खटल्यात पोलिसांच्या टिपणांची नवी तपासणी झाली. कागदावर लिहिताना खालच्या कागदावर दाब उमटतो, डोळ्यांना न दिसणारा. विद्युतभार देऊन त्यावर काळी भुकटी टाकली की तो दिसतो. त्यातून कळलं, की जबाब सुरू असताना लिहिली असं सांगितलेली टिपणं तशी लिहिलेलीच नव्हती. 14 मार्च 1991 ला सहाही जण लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाबाहेर मोकळे उभे होते.

स्फोट झाले तेव्हा मॅगोवन सोळा वर्षांचा, लंडनमध्ये. स्फोटांनंतर आठ दिवसांत दहशतवादविरोधी कायदा झाला होता. खटल्याविना सात दिवस कोठडी, आणि ब्रिटनमध्ये सलग वीस वर्षं न राहिलेल्याला बाहेर काढायचा अधिकार. इंग्लंडमधल्या आयरिश घरांत दुकानात, बसमध्ये हळू बोलायची सवय याच काळात लागली. त्या वातावरणात वाढलेला मुलगा पुढे माइकसमोर उभा राहून आपलं आयरिशपण जोरात, मुद्दाम जोरात गायला लागला. डब्लिनमध्ये राहणाऱ्याला असं ओरडून सांगायची गरज पडत नाही. म्हणून मी म्हणतो, हे आयरिशपण लंडनमध्ये घडलं.

दुसरी बाजूही ऐका. आयर्लंडने याला लगेच कवटाळलं, असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अशा मुलांना तिकडे 'प्लास्टिक पॅडी', म्हणजे नकली आयरिश, म्हणून हिणवायचे. 1985 मध्ये आयरिश रेडिओवरच्या एका चर्चेत पारंपरिक संगीतातल्या जाणत्यांनी पोग्जना अगदी फाडून खाल्लं. पण 1987 मध्ये 'द डब्लिनर्स' या बुजुर्ग मंडळींनी त्यांच्याबरोबर एक जुनं गाणं रेकॉर्ड केलं. आयर्लंडमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, ब्रिटनमध्ये आठव्या. डब्लिनर्सच शेजारी उभे राहिल्यावर तो आरोप बोथट झाला.

अशा घरांतून आलेले सगळेच मॅगोवनसारखे निघाले नाहीत. मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स'मधले चौघंही आयरिश घरांतले. त्यांचा गायक मॉरिसी याने 2004 मध्ये जे गाणं काढलं, त्याच्या नावातच रक्त आयरिश आणि हृदय इंग्लिश अशी वाटणी आहे. ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. आपल्याकडच्या एका ओळखीच्या बाईंची वाटणी याच्या उलट होती. अ‍ॅनी बेझंट जन्मल्या लंडनमध्ये, 1847 साली, आणि आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं, की आपलं तीन चतुर्थांश रक्त आणि हृदय सगळंच्या सगळं आयरिश आहे. 1916 मध्ये एप्रिलात लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग काढली, सप्टेंबरात बेझंटबाईंनी मद्रासला. होमरूल हे नाव आयर्लंडच्या चळवळीतूनच आलं. शाळेच्या पुस्तकात हा धागा दोन ओळींत उरकतात, तो नीट शिकवायला हवा.

पोग्ज ऐकायचे, तर 'फेअरीटेल ऑफ न्यू यॉर्क' या नाताळच्या प्रसिद्ध युगुलगीतापासून सुरुवात करू नका. ते चांगलंच आहे, पण दर डिसेंबरला वाजून वाजून कानाला सवयीचं झालंय. आधी 1985 चा दुसरा अल्बम लावा. ड्रमकडे कान द्या. रँकन उभा राहून मोजकेच ड्रम वाजवायचा, म्हणून ठेका असा रोखठोक पडतो. त्यात 'डर्टी ओल्ड टाउन' आहे. डब्लिनर्सनीही ते गायलं होतं, आणि कितीतरी लोक ते आयरिश गाणं समजूनच ऐकतात. ते लिहिलं इवन मॅकॉलने 1949 मध्ये, इंग्लंडमधल्या आपल्या जन्मगावावर, म्हणजे गिरण्या, गोदी आणि धुराड्यांच्या सॅल्फर्डवर. मॅकॉलचे आईवडील स्कॉटिश. आणि नाताळच्या गाण्यात मॅगोवनसमोर गाणारी कर्स्टी मॅकॉल ही त्याचीच मुलगी. तर आधी सॅल्फर्डचं गाणं ऐका, मग 1988 च्या अल्बममधलं ते बंदी आलेलं जोडगाणं. ते मात्र मधून लावू नका, वुड्सच्या संथ भागापासून सलग ऐका.

नमस्कार.