एका तलावात तीन ऋतू

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे वसंताच्या अखेरीस अवघड तलावातले बास, म्हणजे गोड्या पाण्यातले शिकारी मासे, आणि 'कसे पकडायचे' हे ऐकायलाच बरेच जण आले असतील. तो भाग मी शेवटी घेणार आहे. त्याआधी एक गोष्ट पटवायची आहे, कारण ती पटली नाही तर दोरीची जाडी आणि आमिषाचा रंग सांगून काहीच हाती लागत नाही. बासचं वर्ष पाण्याच्या तापमानावर चालतं. मोठ्या तलावात हे तापमान एकाच सकाळी जागोजागी वेगळं असतं. त्यामुळे एका तलावात, एकाच दिवशी, तीन ऋतू चालू असतात. आपण मात्र काठीला गळ बांधताना एकच ऋतू धरून निघतो, तारखेचा.

तारखेचं काय घेऊन बसलात, याचं सर्वांत मोठं उदाहरण जॉर्ज पेरीचं. २ जून १९३२ या दिवशी जॉर्जिया राज्यातल्या मॉन्टगोमेरी लेकमध्ये त्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोच्या थोडा वर जाणारा लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा, बास पकडला. हा तलाव म्हणजे ओक्मल्गी नदीच्या जुन्या वळणात साठलेलं पाणी. मासा तोलला गेला, विक्रम नोंदला गेला, आणि नंतर घरी शिजवून खाल्ला गेला. पुढे सत्त्याहत्तर वर्षं त्या वजनाला कुणी पोचलं नाही. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी २२ पौंड ४.९७ औंसांचा मासा काढला. तरीही पेरीचं नाव खोडलं गेलं नाही, कारण या वजनाच्या माशाचा विक्रम मोडायचा तर निदान दोन औंस जास्त भरावे लागतात. फरक एक औंसाचाही नव्हता, म्हणून आजही दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत.

आता पंचांगाने पाहिलं तर २ जून म्हणजे वसंताची अखेर. पण जॉर्जियाच्या दक्षिण भागात तोवर बासची अंडी, पिल्लं, सगळं उरकलेलं असतं आणि पाण्यात उन्हाळा असतो. त्याच २ जूनला मिनेसोटात नर घरट्यावर बसलेले सापडतील. फ्लोरिडात हाच विणीचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो. तेव्हा 'मे महिन्यात अमुक आमिष चालतं' असं वाक्य कुणी सांगितलं तर आधी विचारा, पाणी किती अंशांवर होतं?

तो आकडा साधारण असा लावतात. १३ ते १५ अंश सेल्सिअसला मासे खोलातून काठाकडे सरकायला लागतात. १६च्या आसपास नर घरटी साफ करतात. १८ ते २१ हा अंडी घालण्याचा जोर. २२-२३च्या पुढे बहुतेक माद्या मोकळ्या होऊन काठ सोडतात. स्मॉलमाउथ, म्हणजे लहान तोंडाचा बास, यापेक्षा थोड्या थंड पाण्यात काम उरकतो. आणि सगळे मासे एकदम अंडी घालत नाहीत. टप्प्याटप्प्याने, काही आठवडे हे चालतं.

जरा हात वर करा. होडीत थर्मामीटर ठेवणारे किती? चार-पाच. आणि वीसपेक्षा जास्त आमिषं बाळगणारे? अरे वा, जवळजवळ सगळं सभागृह! तर मंडळी, पुढची खरेदी थर्मामीटरची करा. साउंडरच्या, म्हणजे खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरचा आकडा पृष्ठभागाजवळच्या पाण्याचा असतो. वारा पडलेल्या, उन्हाच्या दुपारी वरचा पातळ थर खालच्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम दाखवू शकतो. खोलीवरचं पाणी मोजायला एक जुनी पद्धत आहे. अरुंद तोंडाची बाटली घ्यायची, तिला तळाशी शिसं बांधायचं, बूच सैलसर लावून त्याला वेगळी दोरी बांधायची. बाटलीच्या दोरीवर दर मीटरला गाठ. हव्या त्या खोलीवर सोडून बुचाची दोरी झटक्यात ओढायची, बाटली भरू द्यायची, दोन-तीन मिनिटं तिथेच ठेवायची, मग वर घेऊन लगेच आत थर्मामीटर घालायचा. नुसता थर्मामीटर सोडून वर ओढला तर वाटेतल्या गरम पाण्यात त्याचा आकडा बदलतो, म्हणून बाटली.

हे करून एक फेरी मारा, म्हणजे तीन ऋतू दिसतील. उत्तर गोलार्धात तलावाच्या उत्तर काठाला दक्षिणेचं ऊन जास्त मिळतं आणि उत्तरेचा गार वारा अडतो, म्हणून तिकडचे आत शिरलेले उथळ फाटे सर्वांत आधी तापतात. तळ काळपट असेल, पाणी जरा गढूळ असेल, तर आणखी लवकर. मुख्य तलावाला लागून असलेले उघडे काठ मागे राहतात. थंड ओढा जिथे मिळतो तो कोपरा सर्वांत मागे. आतल्या फाट्यात २३ अंश, पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या सोंडेच्या बगलेला २० आणि ओढ्याच्या तोंडाशी १६, असं एकाच सकाळी सापडू शकतं.

यातला पहिला ऋतू, म्हणजे जिथे पाणी कमी तापलं आहे आणि अजून घरटी भरलेली आहेत, तिथे मला थोडं थांबायचं आहे. थोडं म्हणता म्हणता जास्त होईल, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

नर एक-दोन मीटर पाण्यात कडक तळ शोधतो, शेपटीने गाळ झाडतो आणि साधारण दोन-तीन फूट रुंदीची बशी तयार करतो. अंडी घालून मादी निघून जाते. पुढची सगळी राखण एकट्या नराची. तो परांनी पाणी हलवत अंड्यांवर गाळ बसू देत नाही आणि जवळ येईल त्याला हाकलतो. पाणी वीसेक अंशांवर असेल तर तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं आणखी सुमारे आठवडाभर घरट्यातच राहतात, मग थवा करून बाहेर पडतात आणि नर त्या थव्याबरोबर फिरतो. या काळात तो जवळजवळ खात नाही. आमिषाला तोंड लावतो ते घुसखोर उचलून बाहेर टाकण्यासाठी.

पाणी स्वच्छ असेल तर ही घरटी होडीतून स्पष्ट दिसतात. पाण्यावरची चकाकी कापणारा चष्मा लावायचा, घरट्यात आमिष टाकायचं, नर तीन-चार वेळा सोडतो, पाचव्या वेळी उचलतो. मग फोटो, वजन, पुन्हा फोटो. तेवढ्यात बाजूला दबा धरून बसलेले ब्लूगिल नावाचे छोटे मासे घरट्यात शिरतात आणि अंडी खायला लागतात. नर लगेच तिथेच सोडला तर बहुतेकदा परततो. मिनिटं वाढली, तो दमला, परत आल्यावर अंडी थोडीच उरलेली दिसली, तर घरटं सोडून देण्याची शक्यता वाढते. आणि स्पर्धेसाठी टाकीत ठेवून तो तलावाच्या दुसऱ्या टोकाला सोडला, तर त्या घरट्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

इलिनॉयमधल्या रिज लेकमध्ये याच्याशी निगडित फार मोलाचं काम झालेलं आहे. गळाला सहज लागणारे आणि न लागणारे बास वेगळे करून डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या पिढ्या वाढवल्या. गळाला लागण्याची सवय काही अंशी वारशाने येते, हे त्यातून २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वंशावळीतल्या माशांवरच्या पुढच्या अभ्यासात, २०१२ मध्ये, आणखी एक गोष्ट दिसली: जे नर सहज पकडले जातात, तेच पिल्लांची राखण जास्त जोमाने करणारे असतात. म्हणजे घरट्यावरून आपण उचलतो तो त्या काठावरचा सर्वांत चांगला बाप. 'आमचा तलाव अवघड झालाय, मासा आमिषाकडे बघत नाही' ही तक्रार करणाऱ्यांनी हे दोन निष्कर्ष एकत्र ठेवून पाहावेत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की घरटं दिसलं तर होडी वळवा. नियम परवानगी देत असला तरी वळवा. बाकीचे दोन ऋतू आहेतच, आणि त्यांत मासेमारी खरोखर चांगली होते.

वेळेची चिठ्ठी आली आहे, पंधरा मिनिटं उरली म्हणतात. तर आता भरभर.

दुसरा ऋतू: पिल्लं बाहेर पडली आहेत, माद्या विश्रांतीला गेल्या आहेत. इथे काठ रिकामा वाटतो आणि लोक तलावाला नावं ठेवतात. अंडी घालून दमलेली मादी फार लांब जात नाही. घरट्यांच्या फाट्यातून बाहेर येताना जो पहिला खोल कडा, पहिलं बुडालेलं झाड, धक्क्याचा खोल बाजूचा खांब लागतो, तिथे ती अधांतरी उभी असते. पाठलाग करायची तिची तयारी नसते. इथे पाच इंची मऊ प्लास्टिकची काडी, शिशाशिवाय. मधोमध रबरी कडी, तिच्यात १ नंबरचा गळ. टाका आणि दोरी सैल सोडा. काडी आडवी, दोन्ही टोकं हलवत खाली जाते आणि चावा त्या पडण्यातच येतो. दोरी ताणून धरली तर ती होडीकडे झोका घेत येते, सरळ पडत नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. दोरीची हालचाल बघा. ती बाजूला सरकली की ढील गुंडाळा आणि काठी नुसती बाजूला ओढा. सहा-आठ पौंडी दोरीवर हिसका दिलात तर गाठ तुटते.

तिसरा ऋतू: सावरलेले, भुकेले मासे. हे कुठे असतात ते त्यांचं खाणं सांगतं. तलावात शॅड ही छोटी चंदेरी मासळी असेल तर ती १८ ते २२ अंशांच्या दरम्यान पहाटे कडक जागी अंडी घालते: बांधाचं दगडी पिचिंग, तरंगते धक्के, काँक्रीटचे उतार. दगडाला लागून पाणी थरथरताना दिसतं, बगळे ओळीने उभे असतात. पांढरा स्विम जिग, म्हणजे झालर लावलेला शिशाचा गळ, काठाला समांतर, दगडापासून अर्ध्या मीटरच्या आत न्या. आमिषामागे शॅडच होडीपर्यंत आल्या तर जागा अचूक आहे. ऊन थेट पाण्यावर पडलं की खेळ आटोपतो, तेव्हा अंधारातच पोचायला हवं.

शॅड नसेल तर ब्लूगिल पाहा. बासनंतर, २१ अंशांच्या पुढे, ते एकमेकांना लागून बश्यांची वसाहत करतात. वसाहतीच्या मधोमध टाकू नका. खोल बाजूच्या कडेला, एखाद्या झुडपाच्या सावलीत बास थांबलेला असतो. मेफ्लाय, म्हणजे पाण्यातून उडणारे छोटे कीटक, निघत असतील तर झुकलेल्या फांद्यांखाली ब्लूगिल जमतात आणि त्यांच्याखाली बास. तिथे छोटा पॉपर, म्हणजे तरंगतं आमिष, टाका, तरंग विरेपर्यंत हलवू नका. पृष्ठभागावरच्या आमिषाला फ्लुरोकार्बन बांधू नका. ती दोरी बुडते आणि पॉपरचं नाक खाली ओढते. साधी नायलॉनची घ्या.

दिवस चढल्यावर पाच ते आठ मीटर खोल सोंडांवर जा. ड्रॉप-शॉट, म्हणजे खाली शिसं आणि त्याच्या वर गळ: पालोमार गाठ (दुहेरी दोरीची गाठ) मारून उरलेलं टोक वरून पुन्हा गळाच्या डोळ्यातून काढा, म्हणजे गळ आडवा राहून टोक वर येतं. खाली ३० ते ४५ सेंटिमीटरवर सात ग्रॅमचं शिसं. शिसं तळावरून न उचलता फक्त ढील हलवा. लोक फार हलवतात. स्वच्छ पाण्यात स्थिर ठेवलेलं जास्त चालतं. मोठा सपाट भाग शोधायचा असेल तर कॅरोलायना रिग: १४ ते २१ ग्रॅमचं शिसं, मणी, स्विव्हल (फिरती कडी), मग ६० ते ९० सेंटिमीटरचा लीडर (गळापर्यंतचा दोरीचा तुकडा). काठी बाजूला ओढत न्या. खडखड लागली की थांबा, कारण चिखलातून कडक तळावर येण्याची ती जागा आहे.

स्वच्छ पाण्यात लांब टाका, विजेची मोटर एकाच मंद वेगावर ठेवा, सावली माशावर पाडू नका. वारा आलेला काठ टाळू नका. लाटांनी उजेड फुटतो आणि मासा जवळ येऊ देतो. धरणाचं पाणी उतरत असेल तर मासे काठ सोडून पहिल्या कड्यावर सरकतात, त्यांच्याबरोबर तुम्हीही सरका.

मासा हातात आला की हात ओले करा. जड मासा नुसत्या जबड्याने लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. गळ खोल गिळला असेल आणि निघत नसेल तर ओढाओढ न करता दोरी जवळून कापा. मादी असेल तर जिथे पकडली तिथेच सोडा. आता प्रश्न घेऊ या.